कंबर आणि टनाचा दर: कोल्हापूरच्या एका फौंड्रीतल्या फेटलिंग विभागाचं प्रकरण

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या माणसाला फौंड्री काय असते ते सांगावं लागत नाही. उद्यमनगरात ऑइल इंजिनं बनायला लागली तेव्हापासून ओतकाम इथल्या हाताला लागलेलं आहे, आणि पुढे शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या वसाहतींत ते पसरलं. हे प्रकरण त्यांपैकीच एका वसाहतीतल्या मध्यम आकाराच्या फौंड्रीचं. कंपनी ओळखू येईल असे तपशील बदलले आहेत. मापं, वजनं आणि घडलेल्या गोष्टींचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी तिथं फिजिओथेरपिस्ट म्हणून गेलो. कामाच्या जागेची मांडणी हा माझ्या कामाचा निम्मा भाग आहे.

बाहेरच्या माणसाला फौंड्री म्हटलं की भट्टी आणि लालभडक रस दिसतो. माणसं मोडतात ती बहुतेक वेळा त्याच्या दोन टप्पे पुढे, फेटलिंगमध्ये. मोल्ड (वाळूचा साचा) फोडून कास्टिंग, म्हणजे ओतलेला नग, बाहेर आलं, शॉट ब्लास्टिंग (बारीक छर्‍यांचा मारा करून सफाई) झालं, की रनर-रायझर (रस ओतायच्या वाटांत गोठलेलं जादा लोखंड) घणानं उडवायचे, कडेला राहिलेली बर (धारदार जादा धातू) ग्राइंडरवर घासायची आणि नग साफ करून तपासणीला द्यायचा. मशीनचं काम नाही, कसबाचं आहे असंही कुणी मानत नाही. त्यामुळे हा विभाग शेडच्या मागच्या बाजूला, पत्र्याखाली आणि ठेकेदाराकडे असतो. इथंही तसंच होतं. निम्मे कामगार आसपासच्या गावांतले, थोडीफार शेती असलेले. निम्मे बिहार आणि ओडिशातून आलेले. ठेकेदाराला कंपनी टनामागे पैसे द्यायची, ठेकेदार कामगारांना टनामागे द्यायचा.

अडचण

कंपनीचा फोन आला तो एका माणसासाठी. त्याला इथं ‘क’ म्हणू. वय पस्तिशीच्या आत, हातकणंगले तालुक्यातला, एकेकाळी तालमीत घुमलेला. पेडेस्टल ग्राइंडरसमोर (खांबावर बसवलेलं, जागेवरचं घासायचं मशीन) जमिनीवरचा नग उचलताना कंबरेत चमक भरली. आधी त्यानं दुर्लक्ष केलं. मग गावातल्या डॉक्टरकडून सुई घेऊन आला आणि पाळी पूर्ण केली. मग वस्तादांकडून मालीश. तीन-चार आठवडे असं चालल्यावर डाव्या पायात कळ उतरायला लागली, आणि एक दिवस चालताना पायाचा चवडा उचलेना. एमआरआयमध्ये चकती सरकून नस दाबलेली निघाली. पायातली ताकद कमी होत असल्यामुळे सर्जननं थांबायला नको म्हणून सांगितलं आणि ऑपरेशन झालं.

मालकांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा प्रश्न सरळ होता: “हा परत कामावर कधी येईल, आणि दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून पोरांना उचलायचं कसं ते शिकवाल का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मलाही लगेच देता येत नव्हतं. दुसऱ्याचं उत्तर द्यायच्या आधी मी हजेरीपत्रक मागितलं. त्यात आजारपण असं काही नव्हतं, नुसते खाडे होते. ते एका विशिष्ट प्रकारे पडलेले दिसत होते: जड नगांची ऑर्डर चालली की पुढच्या आठवड्यात फेटलिंगमध्ये दोन-तीन माणसं गायब. सुपरवायझरच्या मते ही पोरं “पगार झाला की गावाला पळतात.” काही पळतही असतील. पण नॉर्डिक प्रश्नावली (शरीरात कुठं-कुठं दुखतं ते विचारणारी) घेऊन प्रत्येकाशी स्वतंत्र बसलो तेव्हा जवळजवळ सगळ्यांनी शरीराच्या चित्रावर कंबरेला बोट ठेवलं. हँड ग्राइंडर चालवणाऱ्यांनी त्याशिवाय मनगट आणि बोटं दाखवली. रात्री हाताला मुंग्या येतात, पहाटे म्हशीची धार काढताना बोटं मिटत नाहीत, असं एकानं सांगितलं. कंपनानं होणाऱ्या या त्रासात थंड देशांत बोटं पांढरी पडतात; आपल्या हवेत ते क्वचित दिसतं, बधिरपणा आणि मुंग्याच जास्त. म्हणून तो नजरेआड राहतो.

यातलं एकही दुखणं कंपनीच्या अपघात नोंदवहीत नव्हतं. कंबर हळूहळू गेली तर तो अपघात होत नाही, आणि ठेक्यावरच्या माणसाला ते सांगण्यात फायदाही दिसत नाही. राज्य कामगार विमा योजनेत आजारपणाच्या रजेला वेतनाच्या 70 टक्के मिळतात, कामावरच्या दुखापतीच्या रजेला 90 टक्के. पण त्यासाठी आधी दुखणं कामाशी जोडून नोंदवलेलं असावं लागतं. ‘क’च्या बाबतीत पहिल्या चमकेचा दिवस, वेळ, नग यांपैकी कशाचीच नोंद नव्हती.

पाहणी: नक्की काय उचललं जात होतं

मी दोन पाळ्या नुसता उभा राहून पाहत होतो. शॉट ब्लास्टिंगहून ट्रॉली यायची आणि नग ग्राइंडरशेजारी जमिनीवर ओतले जायचे. कामगार वाकायचा, नग उचलायचा, अर्धा वळायचा, ग्राइंडरच्या टेकूवर धरायचा, घासायचा आणि पलीकडे पुन्हा जमिनीवर ठेवायचा. तिथून तो हँड ग्राइंडरवाल्याकडे जायचा, जो उकिडवा बसून, नग दोन पायांत धरून आतल्या कडा साफ करायचा.

त्या काळात सगळ्यात जास्त चाललेला नग 22 किलोचा होता. एक माणूस पाळीत साधारण दोनशे नग काढायचा. प्रत्येक नग दोनदा उचलला जातो, म्हणजे चारशे उचली. 22 गुणिले 400, म्हणजे 8,800 किलो. हा आकडा मी मालकांसमोर कागदावर मांडला तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “पण एका वेळेला बावीसच की. मार्केट यार्डात हमाल पन्नासचं पोतं उचलतोय.”

हा मुद्दा सोडून देण्यासारखा नव्हता, कारण कायद्याची भाषाही तशीच वाटते. तेव्हा लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 34 मध्ये इजा होईल इतकं जड वजन कुणाला उचलायला लावू नये, असं आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या 1967 च्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी 55 किलोची मर्यादा आहे, आणि त्याच विषयावरचा करार भारतानं 2010 मध्ये मान्य केला. 22 किलो या सगळ्यात आरामात बसतात. पण 55 हा आकडा एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: वजन किती. ते कुठून उचललं, अंगापासून किती लांब धरलं, वळून की सरळ, आणि दिवसात किती वेळा, याबद्दल तो काही बोलत नाही.

त्यासाठी अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्याच्या संस्थेचं वजन उचलण्याबद्दलचं 1991 चं समीकरण वापरलं. त्यात सगळं उत्तम असेल तर 23 किलो धरतात आणि प्रत्येक गैरसोयीमागे त्यातून कापत जातात. आमचा नग अंगापासून 40 सेंटिमीटर लांब होता, कारण ढिगाऱ्यामुळे पाय जवळ नेताच येत नव्हते. हाताची पकड जमिनीपासून 15 सेंटिमीटरवर. तिथून ग्राइंडरच्या टेकूपर्यंत 90, म्हणजे 75 सेंटिमीटरची चढण. शरीराला साधारण 45 अंशांचा पीळ. मिनिटाला एक उचल, आठ तास. नगाला धरायला नीट जागा नाही. हे सगळं कापल्यावर शिल्लक उरतात जेमतेम 6 किलो. त्या जागी, त्या पद्धतीनं, दिवसभर उचलायला सुरक्षित वजन इतकंच, आणि प्रत्यक्षात 22. जवळजवळ पावणेचारपट.

आता तोच नग 75 सेंटिमीटर उंचीवरून, अंगाजवळ 30 सेंटिमीटरवर, न वळता उचलला तर? बाकी काही न बदलता उत्तर 13 किलोच्या आसपास येतं. वजन तेच, माणूस तोच, वेगही तोच. पण भार निम्म्याहून खाली. अजूनही तो एकपट नाही, पावणेदोनपट आहे, हे मी तेव्हाच सांगितलं. कंबरेचा शत्रू लोखंड कमी आणि फरशी जास्त होती.

पर्याय

मालक, प्रॉडक्शन मॅनेजर, ठेकेदार आणि मी अशी बैठक झाली. कामगारांपैकी कुणाला बोलवायचं हे ठरेना, म्हणून शेवटी सगळ्यात जुन्या मुकादमाला बसवलं. त्यानं पहिला अर्धा तास तोंड उघडलं नाही.

पहिला पर्याय कंबरपट्ट्यांचा. पट्टे मागवून झालेच होते, खोकं टेबलाखाली होतं. पट्ट्यानं निरोगी माणसाची कंबर वाचते याचा पुरावा नाही. नायॉशनं 1994 मध्येच तसं म्हटलं होतं. पट्टा बांधला की माणसाला जोर आल्यासारखं वाटतं आणि तो आणखी जड नगाला हात घालतो, ही भीती वेगळीच. पट्टे वाटायचे नाहीत असं ठरलं. खोकं बराच काळ तिथंच होतं.

दुसरा पर्याय मालकांचा आवडता: प्रशिक्षण. गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ धरा. सांगायला सोपं, फोटोला बरं. ज्याच्या समोर नगांचा ढीग आहे तो गुडघ्यात वाकला तर नग अंगाजवळ येतच नाही, गुडघेच आड येतात. आणि दिवसाला चारशे बैठका मारायला तालमीतला गडीही कुरकुरेल. उचलण्याच्या नुसत्या प्रशिक्षणानं कंबरदुखी कमी होत नाही असं बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित आढावा सांगतो. मी प्रशिक्षणाला नाही म्हटलं नाही, पण ते शेवटी ठेवा म्हटलं.

तिसरा, कामाची अदलाबदल. दोन तास पेडेस्टल, दोन तास हँड ग्राइंडर. ऐकायला शहाणपणाचं वाटतं. पण एक काम कंबर खातं आणि दुसरं हात. अदलाबदल केली तर दोन्ही दुखणी सगळ्यांना वाटून मिळतात. विभागात एकही हलकं काम नसताना फिरवणार कुठं?

चौथा, होइस्ट, म्हणजे साखळीनं वजन उचलणारं यंत्र. प्रॉडक्शन मॅनेजरनं कोटेशन आणून ठेवलं होतं: जिब क्रेन (खांबावर फिरणारा आडवा हात) आणि त्याला इलेक्ट्रिक चेन होइस्ट. पाचवा, सगळ्यात स्वस्त, जमिनीवर काही ठेवायचंच नाही. स्टँड, टेबलं, बिन (नग ठेवायच्या पेट्या). यात दिखाऊ काही नव्हतं, म्हणून कुणाला फारसा रस नव्हता.

इथं मुकादम बोलला. “साहेब, क्रेन आणा, टेबल आणा, काय बी आणा. रेट टनावर हाय तोवर पोरगं हातानंच उचलणार. क्रेनची साखळी लावून सोडवंपर्यंत त्याचे दोन नग जात्यात.”

ठेकेदारानं त्याच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं त्यावरून विषय तिथंच मिटला. माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय त्या मिनिटाला झाला, आणि तो काही न ठरवण्याचा होता.

काय केलं

कंपनीनं होइस्ट आधी घेतला. कारण समजण्यासारखं आहे: एक मोठा ग्राहक ऑडिटला येणार होता आणि पिवळी क्रेन दुरून दिसते. जिब क्रेन उभी राहिली, नारळ फुटला. पहिले काही दिवस सुपरवायझर उभा असताना होइस्ट चालला. महिना व्हायच्या आत त्याचा हुक खांबाला अडकवलेला असायचा आणि त्यावर कुणाचा तरी शर्ट वाळत असायचा. मुकादमानं सांगितलं होतं तेच झालं. 22 किलोच्या नगाला साखळी लावायची, उचलायचा, झुलू नये म्हणून धरायचा, सोडवायचा: हाताच्या कैक पट वेळ. टनावर पैसे घेणारा माणूस तो वेळ स्वतःच्या खिशातून का घालेल?

मग स्टँड. कंपनीच्याच वेल्डरनं भंगारातल्या लोखंडी चॅनेलचे बनवले. पहिला नमुना 90 सेंटिमीटर उंचीचा झाला, कारण ऑफिसातल्या कुणीतरी वर्कबेंचची उंची इंटरनेटवर पाहिली होती. त्यावर 25 सेंटिमीटर उंचीचा नग ठेवला की हँड ग्राइंडर खांद्याच्या दिशेला जायला लागला आणि दुसऱ्या दिवशी पोरं परत जमिनीवर उकिडवी. टेबलाची उंची मोजून उपयोग नाही, काम जिथं होतं ती उंची मोजावी लागते. जोर लावायच्या कामात ती कोपरापेक्षा 15 ते 40 सेंटिमीटर खाली हवी. आमच्या लोकांचं उभं असताना कोपर एक मीटरच्या जरा वर येत होतं, म्हणजे घासायची जागा 75-80 सेंटिमीटरच्या आसपास हवी आणि नगाची उंची वजा केली की टेबल 55 ला आलं. त्याला खाली दोन भोकं पाडून पाय वर-खाली करता येतील असं केलं. उंच आणि बुटक्या माणसात मुठीएवढा फरक पडतो, तेवढ्यानंच काम भागलं.

बिनची गोष्ट सांगितलीच पाहिजे. बिन स्टँडवर चढवली तरी तिच्या भिंती 60 सेंटिमीटर उंच होत्या. वरचे नग छान कंबरेला येत, तळाचे काढायला माणूस भिंतीवर पोट टेकून आत डोकं घालायचा, जमिनीवरून उचलण्याहून वाईट. यावर तोडगा एका ओडिशाच्या कामगारानं सुचवला: बिनची एक बाजू कापून बिजागरीवर बसवायची आणि अर्धी रिकामी झाली की खाली पाडायची. शिवाय बिनच्या मागच्या पायांखाली ठोकळे घालून ती पुढं कललेली ठेवायची, म्हणजे नग आपणहून पुढं सरकतात. दुपारी सुचवलं, संध्याकाळी वेल्डरनं पहिली बिन कापली. सगळ्या प्रकरणात सगळ्यात लवकर अंमलात आलेली आणि आजही जशीच्या तशी वापरात असलेली गोष्ट हीच.

एक अडचण कुणाच्या ध्यानात आली नव्हती. काम जमिनीवरून वर आलं तशी ग्राइंडिंगची धूळ आणि ठिणग्या बसलेल्याच्या पायाऐवजी उभ्या माणसाच्या तोंडासमोर आल्या. कास्टिंगला चिकटलेली जळकी वाळू म्हणजे सिलिका. कंबर वाचवताना फुप्फुस घालवण्यात अर्थ नव्हता. टेबलांच्या मागे धूळ ओढणारी नळी आणि दोन टेबलांमध्ये पत्र्याचा आडोसा बसेपर्यंत दोनच टेबलं चालवायची, असं मी लिहून दिलं. त्यात वेळ गेला आणि तेवढा काळ बाकीचे जमिनीवरच होते. हा सौदा अवघड होता, पण दुसरा मार्ग दिसत नव्हता.

दराचा विषय परत निघाला तो कंबरेमुळे नाही. मोठ्या ग्राहकानं 38 किलोचा नवा नग दिला. पहिल्या आठवड्यातच दोन माणसांनी तो घासायला नकार दिला आणि ठेकेदाराला माणसं मिळेनात. आता बैठकीत ठेकेदारानं स्वतःच विषय काढला. खूप घासाघीस होऊन ठरलं ते असं: 25 किलोच्या वरचा कोणताही नग एकट्यानं हातानं उचलायचा नाही, तो होइस्टवरच जाणार, आणि त्याचा दर टनावर नसून नगावर, साखळी लावायचा-सोडवायचा वेळ धरून. हा वेळ घड्याळ लावून मोजला तेव्हा मुकादम शेजारी उभा होता, कारण कंपनीनं एकट्यानं मोजलेल्या वेळेवर कुणी विश्वास ठेवला नसता. 25 च्या खालच्या नगांचा दर टनावरच राहिला. मला ते पटलं नव्हतं. कंपनी त्याहून पुढं यायला तयार नव्हती.

हुकाऐवजी नगाच्या भोकात बसणारा एक साधा आकडा बनवला आणि साखळी लावायचा वेळ निम्म्यावर आला. होइस्टवरचा शर्ट निघाला.

दुखणं लवकर कळावं म्हणून वहीही सुरू केली. नियम एकच: कंबर, खांदा, हात दुखला तर त्याच दिवशी मुकादमाला सांगायचं, आणि सांगितलं म्हणून त्या दिवसाची हजेरी कापली जाणार नाही. पहिला महिना वही कोरी. दुसऱ्या महिन्यात एकानं नाव लिहिलं, त्याची हजेरी खरंच कापली गेली नाही, आणि मग वही भरायला लागली. बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत बरी होते. अंथरुणाला खिळून राहण्यापेक्षा झेपेल तेवढी हालचाल चालू ठेवणं बरं. म्हणून अशा माणसाला तपासणी टेबलावर, नगावर खडूनं खुणा करायच्या कामाला बसवायचं ठरलं. पायातली ताकद कमी होणं, जांघेत बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांपैकी काही दिसलं तर मात्र सुई, मालीश, वस्ताद काही नाही, थेट हॉस्पिटल. हे तीन मुद्दे मराठी, हिंदी आणि ओडियात लिहून पाण्याच्या टाकीवर लावले. नोटीस बोर्ड कुणी वाचत नाही, पाणी प्यायला सगळे येतात.

काय झालं

जड ऑर्डरीनंतर माणसं गायब होण्याचा तो ठरावीक प्रकार पुढच्या हंगामात दिसला नाही. हे सगळं आमच्या बदलांमुळेच झालं असं मी म्हणणार नाही. त्याच काळात पेडेस्टलवर दोन माणसं वाढली होती. प्रश्नावली पुन्हा घेतली तेव्हा कंबरेवर बोट ठेवणारे बरेच कमी झाले होते, आणि ज्यांनी ठेवलं त्यातल्या काहींनी वेळही सांगितली: “सकाळी दुखतंय.” हे स्थानिक कामगार. साखर कारखाने सुरू असलेल्या महिन्यांत ते पाळी संपवून घरचा ऊस बघतात, वैरणीचे भारे डोक्यावरून आणतात. फौंड्रीचं गेट ओलांडलं की कंबर मोकळी होते, असं धरून चालणं चूक आहे. पण त्यावर कंपनीनं काय करावं याचं ठोस उत्तर माझ्याकडेही नव्हतं, एवढंच केलं की अशा माणसांना त्या महिन्यांत जड नगांच्या पाळीवर लावायचं नाही.

हातांची तक्रार फारशी कमी झाली नाही. टेबलामुळे मनगटाचा कोन सुधारला, पण ग्राइंडरचं कंपन तेच राहिलं. युरोपातल्या नियमात आठ तासांच्या सरासरीला 2.5 मीटर प्रति सेकंद वर्ग या पातळीपासून मालकानं काहीतरी करायला सुरुवात करावी लागते आणि 5 च्या वर कुणाला जाऊ देता येत नाही. आमच्याकडे मोजायचं यंत्र नव्हतं. झिजलेली, एका बाजूनं खाल्लेली व्हील्स लगेच बदलायची एवढं सुरू झालं. व्हीलचा खर्च ठेकेदाराच्या माथी असल्यानं तेही रोज सांगावं लागतं.

उत्पादन घटेल ही भीती खोटी ठरली. टेबलावर हँड ग्राइंडरवाला दुपारनंतरही सकाळच्याच वेगानं घासतो, पूर्वी जेवणानंतर तो मंदावायचा. पेडेस्टलवर फरक जाणवला नाही.

‘क’ फेटलिंगला परतला नाही. पायाची ताकद बरीच परत आली, पूर्ण नाही. कंपनीनं त्याला स्टोअरमध्ये घेतलं, तेही मुकादम आणि गावातले चार लोक मालकांकडे जाऊन आल्यावर. पगार आधीपेक्षा कमी आहे, कारण टनावर तो जास्त कमवायचा. विम्याच्या नुकसानभरपाईचा दावा नोंदीअभावी अडकला होता. पुढे मुकादमाचा आणि दोन सहकाऱ्यांचा जबाब जोडून तो परत दाखल केला.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या बैठकीत मुकादमानं दराचा मुद्दा मांडला तेव्हाच त्यावर थांबायला हवं होतं. होइस्टचे पैसे वाया गेले नाहीत, पण तो बराच काळ शोभेचा राहिला, आणि त्या काळात पोरांच्या मनात “कंपनी आणते ते दाखवायला” हे पक्कं बसलं. पुढे टेबलं आणली तेव्हा तो अविश्वास आधी उतरवावा लागला. दर आधी, बिन आणि टेबल मग, होइस्ट सगळ्यात शेवटी, हा क्रम स्वस्तही पडला असता.

त्या बैठकीला ठेकेदारासमोर एकट्या मुकादमाला बसवणं हेही बरोबर नव्हतं. ज्याच्या हातात तुमची हजेरी आहे त्याच्यासमोर कुणी किती बोलणार? कामगारांशी आधी वेगळं बसलं असतं तर बिनची बाजू कापायची कल्पना महिने आधी मिळाली असती. ती सुचवणाऱ्याच्या डोक्यात ती आधीपासून होती, त्याला कुणी विचारलं नव्हतं.

25 किलोची रेषा हीसुद्धा तडजोड आहे. 22 किलोचा नग टेबलावरूनही पावणेदोनपटच भार देतो, आणि रेषेखाली आहे म्हणून तो हातानं आणि टनावर जातो. ग्राइंडरच्या टेकूपर्यंत रोलरची छोटी पट्टी टाकली तर हा नग उचलावाच लागणार नाही, सरकवला की झालं. त्याचं ड्रॉइंग झालं आहे. जागा करायला एक जुना पेडेस्टल हलवावा लागेल आणि त्याचा पाया फोडायला शटडाउन हवा.

एक बदल कोटेशनच्या कागदावर झाला. नव्या कास्टिंगचा भाव काढताना आता धातू, वाळू, वीज, मशीनिंग यांच्याखाली प्रॉडक्शन मॅनेजर उचल नावाची एक ओळ भरतो: नगाचं वजन, किती वेळा उचलला जाणार, हातानं की होइस्टनं, आणि त्याचा वेळ. मागच्या वेळी एका ग्राहकानं ही ओळ काढायला सांगितली. मालकांनी ती काढली नाही, नगाला उचलायचा कान (साखळी अडकवायची कडी) ओतून द्यायची तयारी दाखवली आणि त्या बदल्यात ओळीतला आकडा कमी करून दिला.